मिडसाइज एसयूव्ही रोजच्या वापरात: उंची काय देते, काय घेते

शोरूममध्ये मिडसाइज एसयूव्ही पाहताना डोळ्यांसमोर बहुतेक वेळा गोव्याचा किंवा महाबळेश्वरचा रस्ता असतो. गाडी घरी आली की तिचे बरेचसे दिवस सोसायटीचे पार्किंग, शाळेचे फाटक, ऑफिस, मंडई आणि सिग्नल यांतच जातात. सहलीचे दिवस वर्षातून मोजके. त्यामुळे ही गाडी घाटात कशी चालते याइतकेच ती मंगळवारी सकाळी नऊ वाजता कशी वागते हे महत्त्वाचे ठरते.

या वर्गातल्या गाड्यांची मुख्य ओळख म्हणजे त्यांची उंची. उंचीमुळे आत बसणे-उतरणे सोपे होते, रस्ता लांबवर दिसतो आणि गतिरोधकावर पोट घासत नाही. त्याच उंचीमुळे इंधन जास्त लागते, वळणावर गाडी अधिक झुकते आणि बॉनेटच्या अगदी पुढ्यात उभे असलेले लहान मूल दिसेनासे होते. ही देवाणघेवाण रोजच्या वापरात कुठे कुठे जाणवते, ते या लेखात पाहू.

क्रॉसओव्हर म्हणजे नेमके काय?

जुन्या पद्धतीच्या एसयूव्हीमध्ये खाली पोलादी चौकट असते आणि तिच्यावर गाडीचा सांगाडा बसवलेला असतो. ट्रकची रचनाही अशीच असते. महिंद्राची स्कॉर्पिओ किंवा थार या प्रकारात मोडते. क्रॉसओव्हरमध्ये अशी वेगळी चौकट नसते. चौकट आणि सांगाडा मिळून एकच कवच असते. त्याला मॉनोकॉक रचना म्हणतात. हॅचबॅक आणि सेडान गाड्याही अशाच बनतात. म्हणजे क्रॉसओव्हर ही मुळात कारच, फक्त उंच केलेली आणि एसयूव्हीचे रूप दिलेली.

भारतात या वर्गाला जोर आला तो २०१२ मध्ये आलेल्या रेनॉ डस्टरमुळे. २०१५ मध्ये ह्युंदाई क्रेटा आली आणि हा वर्ग शहरी मध्यमवर्गाच्या यादीत वर सरकला. पुढे किया सेल्टोस (२०१९), स्कोडा कुशाक आणि फोक्सवॅगन टायगुन (२०२१), मारुती ग्रँड विटारा आणि टोयोटा हायरायडर (२०२२), होंडा एलिव्हेट (२०२३) अशी रांग लागली. यांतल्या कुशाक आणि टायगुन पुण्याजवळच्या चाकणमध्ये बनतात.

रूप दणकट असले तरी यांतल्या बहुतेक गाड्यांत इंजिनाची ताकद फक्त पुढच्या दोन चाकांना मिळते. चारही चाकांना ताकद देणाऱ्या आवृत्त्या मोजक्याच आहेत. पावसाळ्यात शेताच्या चिखलात किंवा समुद्रकिनाऱ्याच्या वाळूत ही गाडी हॅचबॅकइतक्याच सहजतेने रुतू शकते. जमिनीपासूनची उंची आणि चिखलातून निघण्याची ताकद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

चार मीटर आणि १५०० सीसी

भारतात गाडीच्या आकारावर करही ठरतो. लांबी ४ मीटरपर्यंत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत (डिझेल असल्यास १५०० सीसीपर्यंत) असेल, तर ती करासाठी छोटी कार. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा छोट्या कारवर १८ टक्के आणि त्यापेक्षा मोठ्या कारवर ४० टक्के जीएसटी आहे. मिडसाइज एसयूव्ही साधारण ४.२ ते ४.४ मीटर लांब असतात. त्यामुळे इंजिन १००० सीसीचे असले तरी त्यांना वरचा दर लागतो. विजेवरच्या गाड्यांना मात्र ५ टक्के जीएसटी आहे.

याच्या वर महाराष्ट्रात एकरकमी वाहन कर भरावा लागतो. व्यक्तीच्या नावावरच्या, १० ते २० लाख रुपये किमतीच्या पेट्रोल गाडीला तो १२ टक्के आणि डिझेल गाडीला १४ टक्के आहे. शोरूममधली किंमत आणि रस्त्यावर येईपर्यंतची किंमत यांत जो मोठा फरक दिसतो, त्यातला बराच भाग हा कर असतो.

या गाड्यांची इंजिने १४६२, १४९७, १४९८ सीसी अशी १५००च्या किंचित खाली का असतात, याचे उत्तरही अशाच मर्यादांमध्ये आहे. उदाहरणार्थ, २०२२च्या दरपत्रकानुसार थर्ड पार्टी विम्याचा वार्षिक हप्ता १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १००० ते १५०० सीसीसाठी ३,४१६ रुपये आणि १५०० सीसीच्या वर ७,८९७ रुपये आहे.

बसणे-उतरणे: सर्वांत मोठा फायदा

हॅचबॅक किंवा सेडानमध्ये बसताना माणूस खाली जातो आणि उतरताना गुडघ्यांवर जोर देऊन वर येतो. जुन्या पद्धतीच्या उंच एसयूव्हीमध्ये उलटे होते, पायदानावर पाय ठेवून चढावे लागते. क्रॉसओव्हरची सीट या दोन्हींच्या मधे, साधारण उभ्या माणसाच्या नितंबाच्या पातळीला येते. त्यामुळे सीटवर सरळ टेकता येते आणि मग पाय आत घेता येतात.

गुडघेदुखी, कंबरदुखी किंवा सांध्यांची शस्त्रक्रिया झालेल्यांना हा फरक रोज जाणवतो. साडी नेसून बसणाऱ्यांना आणि बाळाला मागच्या सीटवर बसवून पट्टा लावणाऱ्या आईवडिलांनाही कमी वाकावे लागते. घरात सत्तरी ओलांडलेले कोणी असेल आणि त्यांची दवाखान्याची फेरी नियमित असेल, तर या वर्गाची गाडी घेण्यामागे हे सर्वांत भक्कम कारण ठरू शकते.

मात्र हे माप गाडीपेक्षा माणसावर अवलंबून असते. पाच फुटांहून कमी उंचीच्या आजींना काही गाड्यांची सीट थोडी उंचच वाटते. दाराखालची पट्टी रुंद असेल तर उतरताना पाय लांब टाकावा लागतो, आणि पावसात त्या पट्टीचा चिखल साडीला किंवा पँटला लागतो. म्हणून टेस्ट ड्राइव्हला घरातल्या सर्वांत वयस्कर व्यक्तीला बरोबर नेऊन मागच्या सीटवर दोन-तीनदा चढ-उतार करून पाहणे हे ब्रोशर वाचण्यापेक्षा उपयोगाचे.

जे दिसते आणि जे दिसत नाही

उंच बसल्यामुळे पुढच्या गाड्यांच्या टपांवरून पलीकडचे दिसते. सिग्नलला रांग किती आहे, पुढचा ट्रक का थांबला आहे, हे लवकर कळते आणि चालवणाऱ्याचा ताण कमी होतो. पण दूरचे जितके चांगले दिसते, तितके जवळचे दिसत नाही.

एक साधा हिशेब पाहा. चालकाचा डोळा जमिनीपासून १३५ सेंटिमीटरवर, बॉनेटची पुढची कड १०० सेंटिमीटरवर आणि डोळ्यापासून त्या कडेचे आडवे अंतर २०० सेंटिमीटर आहे असे धरू. नजरेची रेषा बॉनेटच्या कडेवरून पुढे जाऊन जमिनीला टेकते ती कडेपासून जवळपास पावणेसहा मीटरवर. त्याअलीकडची जमीन चालकाला दिसत नाही. ७५ सेंटिमीटर उंचीचे, म्हणजे नुकतेच चालायला लागलेले मूल कडेपासून सुमारे १.४ मीटरच्या आत असेल, तर ते पूर्ण झाकले जाते. हॅचबॅकसाठी डोळा १२० सेंटिमीटर, कड ८५ सेंटिमीटर आणि अंतर १८० सेंटिमीटर धरले, तर तेच मूल सुमारे अर्ध्या मीटरच्या आत आल्यावर झाकले जाते. प्रत्येक गाडीचे आणि चालकाचे माप वेगळे असते, पण फरकाची दिशा हीच राहते.

भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना मागच्या बाजूचे पार्किंग सेन्सर सक्तीचे आहेत. पुढच्या सेन्सरची तशी सक्ती नाही. अनेक गाड्यांत पुढचे सेन्सर किंवा ३६० अंशांचा कॅमेरा फक्त वरच्या आवृत्त्यांत मिळतो. सोसायटीच्या आवारात मुले खेळतात, चेंडू गाडीपुढे येऊन थांबतो आणि तो उचलायला मूल वाकते. अशा ठिकाणी राहणाऱ्यांनी पॅनोरॅमिक सनरूफ आणि पुढचा कॅमेरा यांतले एक निवडायची वेळ आली, तर कॅमेरा निवडावा. कॅमेरा असला तरी गाडी सुरू करण्यापूर्वी तिच्याभोवती एक फेरी मारण्याची सवय अधिक भरवशाची.

दुसरा आंधळा भाग पुढच्या काचेच्या दोन्ही बाजूंच्या खांबांमागे असतो. टपाला मजबुती देण्यासाठी हे खांब जाड केलेले असतात. चौकात उजवीकडे वळताना एखादा दुचाकीस्वार किंवा झेब्रा क्रॉसिंगवरचा माणूस त्या खांबामागे सहज लपतो. वळण्याआधी मान थोडी पुढे-मागे करून पाहिल्यास तो दिसतो.

पार्किंग आणि गल्ली

एसयूव्ही फार रुंद असते अशी समजूत आहे. आकडे थोडे वेगळे सांगतात. क्रेटा १.७९ मीटर रुंद आहे, तर स्विफ्ट १.७३५ मीटर. फरक साडेपाच सेंटिमीटरचा. लांबीतला फरक मात्र मोठा आहे. क्रेटा ४.३३ मीटर, स्विफ्ट ३.८६ मीटर. म्हणजे जवळपास अर्धा मीटर जास्त.

पार्किंगची जागा अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब असेल, तर १.७९ मीटरची गाडी मध्यभागी लावल्यावर दोन्ही बाजूंना सुमारे ३५ सेंटिमीटर उरतात. शेजाऱ्याचीही गाडी तशीच असेल, तर दोन गाड्यांच्या मधे ७० सेंटिमीटर जागा राहते. दार पूर्ण उघडत नाही, पण माणूस बाहेर पडू शकतो. जागा २.३ मीटर रुंद आणि साडेचार मीटर लांब असेल, तर बाजूला जेमतेम २५ सेंटिमीटर आणि पुढे-मागे मिळून १७ सेंटिमीटर उरतात. तिथे रोजची कसरत होते, आणि कधी खांबाला तर कधी शेजाऱ्याच्या दाराला ओरखडा ठरलेला. जुन्या इमारतींत खांबांमुळे जागा आणखी अडते. म्हणून बुकिंगच्या आधी घरच्या जागेचे माप टेपने घ्यावे. रुंदी खांबापासून खांबापर्यंत मोजावी आणि दाराच्या बाजूला भिंत येते का, तेही पाहावे.

एकावर एक गाड्या ठेवणारे यांत्रिक पार्किंग असेल, तर तिथल्या पाटीवर उंचीची आणि वजनाची मर्यादा लिहिलेली असते. सेडानसाठी बनवलेल्या कप्प्यात सव्वासोळाशे-साडेसोळाशे मिलिमीटर उंचीची गाडी बसेलच असे नाही. टपावर कॅरिअर लावला तर उंची आणखी वाढते.

खड्डे आणि गतिरोधक

गाडीचे पोट आणि जमीन यांतल्या अंतराला ग्राउंड क्लिअरन्स म्हणतात. स्विफ्टमध्ये ते १६३ मिलिमीटर, क्रेटामध्ये १९०, ग्रँड विटारामध्ये २१० आणि एलिव्हेटमध्ये २२० मिलिमीटर आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा. असा गतिरोधक कोणतीही कार सहज ओलांडते. अडचण येते ती गल्लीत मनाने घातलेल्या उंच, अरुंद उंचवट्यांची. पाच माणसे आणि सामान भरले की स्प्रिंग दबतात आणि क्लिअरन्स आणखी कमी होतो. अशा वेळी हॅचबॅकचे पोट घासते, क्रॉसओव्हरचे सहसा नाही. गावाकडे नियमित जाणाऱ्यांना हा फायदा खरा आहे.

खड्ड्यांच्या बाबतीत क्लिअरन्सपेक्षा टायर जास्त काम करतो. २१५/६० आर१७ या मापाच्या टायरमध्ये रिम आणि रस्ता यांच्यामधे रबराची भिंत सुमारे १२९ मिलिमीटर असते, तर २०५/६५ आर१६ मध्ये ती सुमारे १३३. मोठ्या रिममुळे गाडी भारदस्त दिसते. पण रिम वाढली आणि रबराची भिंत कमी झाली, तर खड्ड्याचा दणका आत जास्त येतो. खराब रस्ता रोजचा असेल, तर लहान रिमची खालची आवृत्ती बऱ्याचदा अधिक आरामाची ठरते. तिचा टायर बदलण्याचा खर्चही कमी असतो.

पाणी साचलेल्या रस्त्यावर

उंच गाडी पाण्यातून जाते, हा समज पावसाळ्यात महागात पडतो. इंजिनाला हवा ओढणारी नळी बॉनेटखाली पुढच्या बाजूला असते. वेगात शिरल्यावर पुढे उसळणारी लाट तिथपर्यंत पोहोचते. हवेऐवजी पाणी सिलिंडरमध्ये गेले की अनर्थ होतो, कारण हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. पिस्टन वर येताना अडतो आणि त्याला जोडलेला दांडा वाकतो. बंद पडलेली गाडी पुन्हा पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न केला, तर नुकसान वाढते. असे इंजिनाचे नुकसान साध्या विम्यात बहुधा धरले जात नाही. त्यासाठी 'इंजिन प्रोटेक्ट' नावाचे वेगळे कलम घ्यावे लागते.

वाहत्या पाण्याचा धोका आणखी मोठा. सुमारे ३० सेंटिमीटर खोल वाहते पाणी अनेक गाड्यांना तरंगवू शकते आणि ६० सेंटिमीटर पाणी एसयूव्हीलाही वाहून नेऊ शकते. पुलावरून पाणी जात असेल, तर २२० मिलिमीटरचा क्लिअरन्स कामाचा नाही. गाडी थांबवून वाट पाहणे हाच मार्ग.

कोणते इंजिन, कोणता गिअरबॉक्स?

या निर्णयावर रोजचे सुख सर्वांत जास्त अवलंबून असते. ब्रोशरमधल्या अश्वशक्तीपेक्षा इथे रोजचा रस्ता पाहावा.

साधे १.५ लिटर पेट्रोल इंजिन गर्दीत मऊ चालते आणि त्याची देखभाल सोपी असते. गर्दीच्या शहरात ते साधारण १० ते १२ किलोमीटरचे मायलेज देते, मोकळ्या हायवेवर १५-१६च्या पुढे जाते. भरलेली गाडी घाट चढताना मात्र गिअर खाली घ्यावा लागतो.

टर्बो पेट्रोल हायवेवर चपळ असते. पण सारखे थांबत, निघत जावे लागले तर त्याचे मायलेज लवकर घसरते. त्याच्या जोडीला दोन क्लचचा स्वयंचलित गिअरबॉक्स असेल, तर चढावरच्या कोंडीत गाडी इंचाइंचाने पुढे नेणे टाळावे. क्लच अर्धवट लागून राहतात आणि तापतात. पुढे थोडी जागा होऊ द्यावी, मग सलग निघावे आणि थांबताना ब्रेक लावून उभे राहावे.

डिझेल लांबच्या प्रवासाला उत्तम. परंतु एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ नियमांमुळे डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी पकडणारी जाळी, म्हणजे डीपीएफ असते. साचलेली काजळी जाळण्यासाठी धूर पुरेसा तापावा लागतो, आणि त्यासाठी अधूनमधून सलग वेगाने गाडी चालायला हवी. रोज चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्या असतील, तर ही जाळी भरून धोक्याचा दिवा लागतो. ज्यांचा हायवेवरचा प्रवास आठवड्याला ठरलेला नाही, त्यांना डिझेलचे मायलेज स्वस्त पडत नाही.

स्ट्राँग हायब्रिडचे गणित उलटे आहे. कमी वेगात ती बऱ्याचदा बॅटरीवर चालते आणि ब्रेक लावताना बॅटरी थोडी भरून घेते. त्यामुळे शहरातच तिची बचत दिसते. ग्रँड विटाराच्या या आवृत्तीचे प्रमाणित मायलेज लिटरला २७.९७ किलोमीटर आहे. प्रमाणित आकडा प्रयोगशाळेतला असतो आणि रस्त्यावर तो कमी भरतो, हे सर्वच गाड्यांना लागू. बॅटरीची किंमत डिकीतही मोजावी लागते. साध्या आवृत्तीत ३७३ लिटरची डिकी हायब्रिडमध्ये २६५ लिटरची होते. सीएनजीची टाकीही अशीच जागा घेते.

हायवे आणि घाट

हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० किलोमीटरच्या तुलनेत १०० ला तो ५६ टक्क्यांनी वाढतो आणि १२० ला सव्वादोन पट होतो. उंच गाडीची पुढची बाजू मोठी असल्यामुळे ही वाढ तिला अधिक बाधते. समृद्धी महामार्गावर १२० च्या वेगाने गेल्यावर मायलेज का कोसळते, त्याचे उत्तर इथे आहे. लांब, सरळ, तापलेल्या रस्त्यावर निघण्याआधी टायरमधली हवा थंड असताना तपासणे आणि भरलेल्या गाडीसाठी दाराच्या चौकटीवर लिहिलेला दाब ठेवणे हेही तितकेच गरजेचे.

घाटात उंचीचा दुसरा परिणाम दिसतो. गुरुत्वमध्य वर असल्याने वळणावर गाडी सेडानपेक्षा जास्त कलते. चालवणाऱ्याच्या हातात स्टिअरिंग असते, त्याला ते कमी जाणवते. मागे बसलेल्यांना मात्र मळमळते. ताम्हिणी किंवा आंबा घाटात वळणाआधीच वेग कमी करून वळण सावकाश घेतले, तर मुलांना उलट्या होण्याचे प्रमाण कमी होते. उतारावर फक्त ब्रेकवर भिस्त ठेवू नये. ज्या गिअरमध्ये चढ चढतो, त्याच गिअरमध्ये उतार उतरावा, हा जुन्या चालकांचा नियम स्वयंचलित गाडीतही मॅन्युअल मोड वापरून पाळता येतो. गाडी घसरताना चाकांचे ब्रेक वेगवेगळे लावून तिला सावरणारी ईएससी यंत्रणा उंच गाडीत असायलाच हवी.

डिकी आणि मागची सीट

४०० लिटरच्या आसपासची डिकी चौघांच्या आठवड्याच्या सामानाला पुरते. एलिव्हेटची ४५८ लिटरची आहे. लिटरच्या आकड्याबरोबर डिकीची कड किती उंच आहे तेही पाहावे. कड कमरेच्या वर असेल, तर तांदळाचे पोते किंवा भरलेली बॅग दर वेळी त्यावरून उचलून घ्यावी लागते. व्हीलचेअर नेणाऱ्या घरांनी ती घडी करून डिकीत बसते का, हे शोरूममध्येच पाहावे.

मागे दोन मोठी माणसे आणि एक मूल आरामात बसते. तीन मोठ्या माणसांना खांदे जुळवून घ्यावे लागतात. मधल्या जागेला तीन बिंदूंचा पट्टा आणि डोक्याला आधार आहे ना, ते तपासावे. लहान मुलाची सीट लावायची असेल, तर आयसोफिक्सचे हूक सापडायला सोपे आहेत का, हे हाताने चाचपून पाहावे.

सनरूफ लोकप्रिय आहे. त्याच्या कडेच्या पन्हळीत पाने आणि धूळ अडकली, तर पावसाचे पाणी आत झिरपते. पावसाळ्यापूर्वी ती पन्हळ साफ करावी. चालत्या गाडीत मुलांना सनरूफमधून उभे करणे मात्र कोणत्याही वेगाला धोक्याचे. अचानक ब्रेक लागला की त्यांना धरणारे काहीच नसते.

वर्षाचा हिशेब

महिन्याला १,००० किलोमीटर, तेही मुख्यतः शहरात, असे धरू. हॅचबॅकचे मायलेज १६, क्रॉसओव्हरचे ११ आणि पेट्रोल लिटरला १०५ रुपये असेल, तर हॅचबॅकला महिन्याला सुमारे ६,५६० रुपये आणि क्रॉसओव्हरला ९,५५० रुपये लागतात. वर्षाचा फरक ३६ हजारांच्या जवळ जातो आणि पाच वर्षांत पावणेदोन लाखांच्या पुढे. याशिवाय टायर हॅचबॅकच्या दीडपट ते दुप्पट महाग असतात, विम्याचा हप्ता गाडीच्या किमतीबरोबर वाढतो आणि कर्ज मोठे असते.

ही रक्कम वाया जाते असे नाही. घरातल्या आजोबांना कोणाचा हात न धरता गाडीत बसता येत असेल, तर त्याची किंमत कुटुंबानेच ठरवायची. पण गाडीत रोज एकटा चालकच असेल आणि सीटची उंची कोणाच्याच गरजेची नसेल, तर हे पैसे फक्त रुबाबावर जातात.

घेण्याआधी तपासायच्या गोष्टी

- घरच्या आणि ऑफिसच्या पार्किंगची लांबी, रुंदी, उंची टेपने मोजावी.
- टेस्ट ड्राइव्ह मोकळ्या रस्त्यावर न घेता रोजच्या रस्त्यावर, रोजच्या वेळी घ्यावी. शक्य तर पाच जण बसवून एखादा चढ चढून पाहावा.
- चालकाची सीट आपल्या उंचीला बसवून, बॉनेटपुढे पाण्याची बादली ठेवावी. ती मागे सरकवत कितव्या पावलावर दिसू लागते, ते मोजावे.
- घरातल्या सर्वांत वयस्कर आणि सर्वांत लहान व्यक्तीला मागे बसवून पाहावे.
- गेल्या महिन्यातल्या फेऱ्या आठवून शहर आणि हायवे यांचे प्रमाण काढावे आणि मग इंजिन ठरवावे.
- भारत एनकॅप किंवा ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत त्या मॉडेलला किती तारे आहेत ते पाहावे. भारत एनकॅप १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू आहे.

ही गाडी कोणाला मानवते?

वयस्कर आईवडील आणि लहान मुले एकाच घरात असतील, महिन्यातून एक-दोनदा गावाकडचा खराब रस्ता असेल आणि पार्किंगची जागा पुरेशी असेल, अशा घरात मिडसाइज क्रॉसओव्हर तिची किंमत रोज थोडी थोडी वसूल करते. अरुंद गल्ली, जुनी इमारत, छोट्या फेऱ्या आणि बहुतेक वेळा एकच प्रवासी असेल, तर चार मीटरच्या आतली उंच बसणीची छोटी गाडी तेच काम कमी खर्चात करते.

दोन्ही घरांत एक गोष्ट सारखीच लागू पडते. उंच सीटवरून शंभर मीटरवरचा सिग्नल दिसतो, म्हणून बॉनेटपुढचा दीड मीटरही दिसतो असे समजू नये. किल्ली फिरवण्याआधी गाडीभोवती मारलेल्या फेरीला अर्धा मिनिटही लागत नाही, आणि जे कोणत्याही आरशात दिसत नाही ते त्या फेरीत दिसते.